बियाण्याला आभार चालत नाहीत

हाल्वोर रुस्टाडला आभार मानायची खोड होती. नॉर्वेहून आलेली सगळीच माणसं जेवण झालं की आभार मानतात, कॉफी झाली की आभार मानतात, आणि कुणी पुन्हा भेटलं की "मागच्या वेळेबद्दल आभार" म्हणतात, मग मागच्या वेळी त्यांचं कुंपणावरून भांडण का झालेलं असेना. पण बाकीचे हे तोंडाने म्हणत, हाल्वोर मनापासून म्हणायचा. त्यामुळे त्याच्याबरोबर बाजारात गेलं की दोन कामांना अख्खी दुपार जायची.

फक्त एका गोष्टीचे आभार त्याने जन्मात मानले नव्हते. बियाण्याचे. त्याच्या आईकडची समजूत अशी, की कुणी बी दिलं, रोप दिलं, तर ते गुपचूप घ्यायचं आणि भलत्याच गोष्टीचं बोलायचं. आभार मानले की ते रुजत नाही. पुढे हाल्वोर कृषी महाविद्यालयाच्या विश्वस्त मंडळावर बसायला लागला, प्राध्यापकांशी नत्र आणि स्फुरदाच्या गप्पा मारायला लागला, तरी एवढी एक समजूत काही सुटली नाही. सोडावी असं त्याला वाटलंही नाही.

मंडळावर तो कसा गेला, तेही सांगायला हवं. आमच्या राज्याच्या कायद्यात लिहिलं होतं, की महाविद्यालयाच्या विश्वस्तांत निदान एक तरी स्वतः नांगर धरणारा माणूस असावा. बाकीचे वकील, छापखानेवाले आणि बँकवाले. गव्हर्नरला नांगरवाला शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण 'रुस्टाडचा सोनेरी' हा मका तेव्हा राज्यभर गाजत होता. दर हिवाळ्यात महाविद्यालयात मक्याचं प्रदर्शन भरे. लांबच्या टेबलांवर शेतकरी आपापली दहा दहा कणसं मांडत, आणि परीक्षक मोजपट्टी घेऊन फिरत. ओळी सरळ हव्यात, टोकापर्यंत दाणा भरलेला हवा, दहाही कणसं जुळ्या भावंडांसारखी हवीत. हाल्वोरची कणसं इतकी देखणी, की बायका त्यांना हात लावायच्या आधी हातमोजे काढत. शेवटी महाविद्यालयाने त्याची दहा कणसं काचेच्या पेटीत घालून मंडळाच्या बैठकीच्या खोलीतच ठेवून दिली. हाल्वोर बैठकीला बसे तो नेमका त्या पेटीसमोर, आणि हा योगायोग होता असं मी म्हणणार नाही.

एकोणीसशे अकराच्या नोव्हेंबरात मंडळाची बैठक होती. हाल्वोर गाडीतून उतरला, तर प्राचार्य थॉर्नबरी स्वतः घोडागाडी घेऊन स्टेशनवर उभे. एरवी ते गडी पाठवत.

"मागच्या वेळेबद्दल आभार, डॉक्टर," हाल्वोर म्हणाला.

"मागच्या वेळी आपण डुकरांच्या गोठ्याच्या छपरावरून भांडलो होतो."

"हो. छप्पर छान झालं मग."

थॉर्नबरींनी घोडा हाकला, पण बोलेनात. चांगला माणूस; फक्त वाईट बातमी सांगताना त्यांचा घसा बसत असे. गाव मागे पडल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "हाल्वोर, तो आपला पेल. पिकांचा प्राध्यापक. दोन वर्षं त्याने वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा मका शेजारी शेजारी पेरून बघितला. कणसांचं रूप बघायचं नाही, फक्त एकराला उतारा किती पडला ते तोलायचं. त्याची पुस्तिका त्याला छापायची आहे."

"छापा की. कोण नको म्हणतंय?"

"तुमचा मका शेवटून दुसरा आलाय."

हाल्वोर घोड्याच्या कानांकडे बघत राहिला.

"आपला बँकवाला क्रोकर आज ठराव आणतोय," थॉर्नबरी म्हणाले. "पुस्तिका छापायची नाही, आणि पेलला वसंतानंतर कामावर ठेवायचं नाही. तुमच्या इभ्रतीसाठी म्हणतोय तो. मक्याच्या बाबतीत सगळे तुमच्याकडे बघतात, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मान हलवलीत की ठराव झाला."

"आणि तुमचं काय मत?"

"मला अनुदान हवंय," थॉर्नबरी खिन्नपणे म्हणाले. "प्रदर्शनाला आमदार येतात, तुमची कणसं बघतात, खूश होतात आणि मग मला गोशाळा मिळते. माझं मत त्या गोशाळेत बांधलेलं आहे."

हाल्वोरच्या अंगाचा तिळपापड झाला होता. शेवटून दुसरा. त्याच्याकडून बियाणं नेणारी माणसं तीन काउंट्यांत होती. पोरांची शिक्षणं, नवं कोठार, बायकोचा, गुनहिल्डचा पियानो, सगळं त्या मक्यातून आलेलं. आणि एक ओहायोचा पोरगेलासा प्राध्यापक तराजू घेऊन येतो आणि म्हणतो, शेवटून दुसरा. बैठक दुपारी होती. हाल्वोर गाडीतून उतरला तो थेट बियाण्याच्या कोठाराकडे निघाला, आणि काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत गेला.

ऑरिन पेल कोठारात कणसांचे ढीग लावत होता. उंच, हडकुळा, कोटाची दोन बटणं गायब. हाल्वोरला बघून त्याने टोपी काढली, पण घाबरला नाही, आणि त्यामुळे हाल्वोर आणखी चिडला.

"प्रोफेसर, माझ्या मक्याचं तुम्ही काय केलंत?"

"पेरला, मिस्टर रुस्टाड. तुम्हीच दिलेला. बाकीच्यांच्या शेजारी, त्याच जमिनीत, त्याच दिवशी."

"पाऊस कमी पडला असेल."

"सगळ्यांवर सारखाच पडला."

"मग राखणीत हलगर्जी. कावळे."

"कावळ्यांनाही मी कुणाचा मका कुठला ते सांगितलं नव्हतं."

हाल्वोरला आपला ढीग दारातूनच ओळखू आला. लेकरू ओळखावं तसा. सोनेरी, सरळ, एकसारखा, आणि लहान. त्याच्यापासून चार ढीग सोडून एक ढीग पार तुळईला टेकायला आला होता, आणि त्यातलं कणीस कणसासारखं दिसेल तर शपथ. ओळी वाकड्यातिकड्या, कुणाचं टोक बोडकं, कुणी जाड, कुणी किडकिडीत.

"हा उकिरडा कोणाचा?"

"हा पहिला आलेला," पेल म्हणाला. "दोन्ही वर्षं."

हाल्वोरने त्यातलं एक कणीस उचललं, नावं ठेवायलाच उचललं, आणि उजेडात फिरवलं. पिवळ्या दाण्यांत एक दाणा डाळिंबी होता. त्याने दुसरं उचललं. त्यातही दोन. तिसऱ्यात एक. मग तो उचलतच राहिला.

टोळधाडीच्या वर्षी हाल्वोर आणि गुनहिल्ड नुकतीच या देशात आली होती. टोळांनी उभं पीक खाल्लं, अवजारांचे दांडे कुरतडले, आणि बियाण्याला म्हणून ठेवलेली कणसं तर हिवाळ्यात त्या दोघांनीच खाल्ली. वसंतात जमीन नांगरून तयार, आणि पेरायला मूठभर दाणा नाही. तेव्हा पलीकडच्या शेतातली टॅम्सिन हॉस्किंग कमरेवर पोतं घेऊन चालत आली होती. कॉर्नवॉलकडची बाई, नवरा विहिरी खणायचा. त्यांच्याकडेही काही उतू जात नव्हतं. तिने पोतं दारात ठेवलं आणि म्हणाली, पेरा. पोत्यातल्या प्रत्येक कणसात एखाददुसरा डाळिंबी दाणा होता. हाल्वोरला आभार मानायची सवय हाडामांसात मुरलेली. तरी त्याने दात आवळून धरले. रुजलं नसतं तर दोघं मेली असती. तो तिला म्हणाला, "तुमची गाय छान आहे." पुढच्या शरदात त्याने तेवढंच भरलेलं पोतं तिच्या दारात नेऊन ठेवलं, तेही मुकाट्याने, कारण तेही बियाणंच होतं.

त्या पोत्यातूनच सगळं उभं राहिलं होतं. पुढे प्रदर्शनं सुरू झाली, आणि एका परीक्षकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, लाल दाणे काढून टाक, गुण जातात. मग दर शरदात स्वयंपाकघराच्या टेबलावर हाल्वोर कणसं निवडत बसायचा. लाल दाण्याचं, टाक डुकरांना. ओळ वाकडी, टाक डुकरांना. गुनहिल्ड म्हणायची, डुकरांचं चांगलं चाललंय.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं, ठाऊक असूनही.

"तुमच्याच गावच्या मिसेस हॉस्किंग. महाविद्यालयाची बियाण्याची माहिती देत फिरणारी आगगाडी तुमच्या स्टेशनावर थांबली होती ना, तेव्हा मी म्हटलं, ज्याला वाटेल त्याने कणसं द्या. त्या बाईंनी एप्रनमधून कोंबड्यांसाठी नेत असलेली माझ्या हातात कोंबली. मी विचारलं, बी कसं निवडता. म्हणाल्या, निवडायला मला वेळ कुठे आहे, कणगीत हात घालते आणि येईल ते पेरते."

हाल्वोर एका पोत्यावर बसला. "माझंही हेच आहे, प्रोफेसर. हेच बी. तिनेच दिलेलं."

पेलच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला, कारण प्रयोग करणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नाही. मग समोर कोण बसलाय ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तो आनंद घाईघाईने आवरला. "तुम्ही इतकी वर्षं देखणं निवडलंत, मिस्टर रुस्टाड. देखणं मिळालं. ताकद त्या निवडीत कुठे गळत गेली ते कुणालाच दिसलं नाही. आणि चूक तुमची एकट्याची नाही. गुणांचा तक्ता याच इमारतीत बनला. आम्हीच तुम्हाला शिकवलं."

"दुपारी तुमची नोकरी जाणार आहे, माहीत आहे?"

"हो."

"मग माझ्याशी जरा गोड बोलायचं होतंत."

"बोललो असतो तर ढीग उंच झाला असता का?"

हाल्वोरने त्याच्याकडे नीट बघितलं. या पोराला बायको होती, तान्हं मूल होतं, आणि कोटाला बटणं नव्हती. मान हलवली की झालं. काही बोलायचंसुद्धा नाही. क्रोकर ठराव आणेल, दुसरा कुणी अनुमोदन देईल, आणि काचेची पेटी जिथे आहे तिथेच राहील. हाल्वोरने एक डाळिंबी दाण्याचं कणीस कोटाच्या खिशात टाकलं आणि बाहेर पडला.

विश्वस्तांचं जेवण गृहविज्ञानाच्या मुली करत. त्यावर त्यांना गुण मिळायचे, म्हणून त्या दाराशी जीव मुठीत धरून उभ्या असत. त्या दिवशी भाजलेलं डुकराचं मांस होतं, बटाटे आणि गोडाला ॲपल पाय. क्रोकरने हाल्वोरच्या पाठीवर थाप मारली. "काळजी करू नकोस रे. तुझ्या नावाला धक्का लागू देणार नाही." क्रोकरची बँक होतीच, शिवाय स्टेशनासमोरचं हॉटेलही होतं, आणि प्रदर्शनाच्या आठवड्यात तिथल्या खाटांवर माणसं पाळीपाळीने झोपत. हाल्वोरने काट्याने बटाटे नुसते कुस्करले. तरी जेवण उरकल्यावर तो उठला, दाराशी गेला आणि मुलींना म्हणाला, "जेवणाबद्दल आभार. ॲपल पाय तर माझ्या आईच्या वरताण." त्याच्या आईने जन्मात ॲपल पाय केला नव्हता, पण मुलगी आनंदाने लाल झाली.

बैठकीत आधी गोशाळा झाली, मग कोळसा झाला, मग क्रोकर उभा राहिला. तो चांगलं बोलायचा. म्हणाला, हे प्रदर्शन म्हणजे महाविद्यालयाचा आणि शेतकऱ्याचा दुवा. म्हणाला, सरकारी पगार खाऊन आपल्याच विश्वस्ताला खाली बघायला लावणं हा कृतघ्नपणा आहे. सगळ्यांच्या नजरा हाल्वोरकडे वळल्या. थॉर्नबरी आपल्या नखांकडे बघत होते.

हाल्वोर उठला. समोर पेटीत त्याची दहा कणसं दिव्याच्या उजेडात झळकत होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही ती त्याला फार सुंदर दिसली.

"क्रोकर, तुमचे आभार," तो म्हणाला. "माझ्या नावाची काळजी केलीत. पण कृतघ्न हा शब्द तुम्ही काढलात म्हणून बोलतो. या पोराने माझ्या बियाण्यासाठी दोन वर्षं चिखल तुडवला. माझ्याकडून बी नेणाऱ्यांना मी दर वर्षी थोडं थोडं कमी देत होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्याने तो दिला. गोड बोलून माझं देखणं बी आणखी देखणं करत बसला असता, तर त्याची नोकरी पक्की होती." त्याने खिशातलं वाकडं कणीस काढून टेबलावर ठेवलं. "हा पहिला आलेला मका. माझा मका याच्याच पोटचा. माझ्याकडे यायच्या आधी तो असा होता."

मग तो थॉर्नबरींकडे वळला.

"पुस्तिका छापायची. त्यात माझ्या नावाऐवजी मका क्रमांक सात असं लिहिलंय म्हणे. ते खोडून रुस्टाड लिहा, म्हणजे लोक वाचतील. प्रोफेसर पेल राहतील. आणि हे कणीस त्या पेटीत, माझ्या कणसांच्या शेजारी ठेवायचं."

"अरे, मग तुझं बियाणं घेणार कोण?" क्रोकर म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं.

"मीच घेणार नाही पुढच्या वर्षी."

"आणि प्रदर्शन?"

"भरवा की. एक टेबल देखण्या कणसांचं, एक टेबल उताऱ्याचं. भांडायला दुप्पट माणसं येतील. तुम्ही खाटा वाढवा."

आधी छापखानेवाला हसला, मग वकील. थॉर्नबरींचा हात सगळ्यांत आधी वर गेला, खरं तर त्यांना मताचा अधिकारच नव्हता. तो त्यांनी लाजून खाली घेतला. बाकीचे हात वर झाले, आणि शेवटी, खाटांचा हिशेब मनात जमल्यावर असेल, क्रोकरचाही. पेलला आत बोलावलं. हाल्वोरने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आभार, प्रोफेसर." पेलला दुसरा हात कुठे ठेवावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी स्टेशनावरून हाल्वोर घरी गेला नाही, टॅम्सिन हॉस्किंगकडे गेला. आता तिला सगळं गाव टॅम्सिन मावशी म्हणायचं. नवरा कधीच गेला होता, जमीन लेक कसायचा, आणि मावशी कोंबड्यांवर हुकूम चालवायची.

"मागच्या वेळेबद्दल आभार, मावशी," फाटकातूनच हाल्वोर म्हणाला.

"मागच्या वेळी ईस्टरला तू माझा केक कोरडा म्हणालास."

"ती मागची वेळ नाही. टोळांच्या वर्षीची. तुम्ही पोतं आणून दिलंत ती."

मावशी दाणे फेकायची थांबली. "बाई गं. ते तुझ्या लक्षात आहे? तू तेव्हा चकार शब्द काढला नाहीस. म्हणालास, गाय छान आहे. ती गाय मरायला टेकली होती रे. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, या नॉर्वेवाल्याचं नाक फार वर आहे. इतकी वर्षं तेच समजत होते मी. मीठमिरचीला आभार मानतो, आणि त्या पोत्याचं नाव नाही."

हाल्वोरने तिला आईकडची समजूत सांगितली. "बोललो असतो तर रुजलं नसतं, मावशी. भीती वाटली. घरात दुसरं काहीच नव्हतं. मग पुढे दर वर्षी तेच पेरायचं, म्हणून दर वर्षी गप्प."

"मग आज कसं सुचलं?"

"आज रुजून झालं," हाल्वोर म्हणाला. "घर झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. आता त्याला काही होत नाही. आभार, मावशी. फार फार आभार."

मावशीने एप्रनने डोळे पुसले आणि कोंबडीला उगाच एक शिवी दिली. मग हाल्वोरने पेलची हकिगत सांगितली. तिचं कणीस काचेच्या पेटीत बसलंय म्हटल्यावर ती इतकी हसली, की तिला कुंपणाला धरावं लागलं. "कोंबड्यांना सांगायला हवं," ती म्हणाली.

"मावशी, मला बी हवंय. पुन्हा."

तिने काही विचारलं नाही. कणगीपाशी गेली, हात घालून येतील ती कणसं पोत्यात भरली, एकही न बघता, आणि पोतं त्याच्या पायाशी ठेवलं. म्हणाली, "पेर."

हाल्वोरने पोतं खांद्यावर घेतलं. तोंड उघडलं आणि मिटलं. फाटकापर्यंत गेला, आणि तिथे त्याचे पाय अडले. सवय हाडामांसात असते, ती आतून ढुशा देत होती. त्याने मागे वळून अंगणाच्या टोकाला असलेल्या रिकाम्या गोठ्याकडे बघितलं. मावशीने गाय ठेवणं सोडून बरीच वर्षं झाली होती.

"मावशी," तो म्हणाला, "तुमची गाय छान आहे."

मावशीनेही गोठ्याकडे बघितलं.

"हो रे," ती म्हणाली. "आता बरी आहे."